आधी काळं बसवायचं

टीव्ही लावला की आधी चित्र येत नसे, आवाज येई. त्याला आवाज म्हणणेही धाडसाचेच. कानाच्या फार आत, जिथे ऐकू येण्याची हद्द संपत असावी अशा जागी, सुईच्या टोकाएवढी एक शिट्टी उमटे आणि मग संध्याकाळभर तिथून हलत नसे. तिच्या मागोमाग वास येई: तापलेल्या धुळीचा, लाकडी पेटीवरच्या व्हार्निशचा, आणि आईने वर पसरलेल्या क्रोशाच्या रुमालाचा किंचित करपट. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती शिट्टी ऐकू येत नसे. आईलाही नाही. आमच्या घरात ती मला एकटीला ऐकू येई, आणि रविवारी संध्याकाळी दारात चपला काढता काढताच गायकवाडबाईंना.

"शिट्टी वाजतीया, म्हंजे सेट चालू हाय," त्या उंबऱ्यातूनच म्हणत. "मग दिवे कशाला लावून बसलाय? लग्न हाय का कुणाचं?"

आणि आत येऊन, कुणाला न विचारता, आमच्या बैठकीच्या खोलीतला ट्यूबलाइट त्या बंद करीत.

गायकवाडबाई चिंचवडच्या पुढे, हमरस्त्याकाठच्या एका टीव्हीच्या कारखान्यात कामाला होत्या. लाइनच्या अगदी शेवटी, काळ्या कापडाने वेढलेल्या कोनाड्यात त्यांचे टेबल होते. जोडून तयार झालेला प्रत्येक सेट त्या टेबलावर येई. पडद्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत उतरत जाणाऱ्या दहा उभ्या पट्ट्या उमटत, आणि त्या पट्ट्यांवर नजर ठेवून बाई चित्र बसवीत. चित्र बसले की सेटच्या पाठीला त्यांची चिठ्ठी लागे आणि तो खोक्यात जाई. कारखान्यात मोजमापाची यंत्रे होती. पण शेवटचा शब्द बाईंच्या डोळ्याचा. चाकणच्या बाजारात लहानपणी त्या आईबरोबर कांदे निवडायला बसत. नासका कांदा वास येण्याच्या आधी सालीखाली जरासा गडद होतो, आणि तो गडदपणा आपल्याला कुणी शिकवावा लागला नाही, असे त्या सांगत. आपल्याविषयी त्यांनी सांगितलेले मला आठवते ते एवढेच.

सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबईचे चित्र आमच्या वसाहतीपर्यंत येऊ लागले होते. दर चार-पाच घरांआड एक सेट आला होता, आणि गच्च्यांवर अँटेना दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. विजेची वाटणी तशी ठरलेली. त्यामुळे रविवार हा कामाचाच दिवस. पहिली शिफ्ट आटोपून माणसे अंघोळी करीत, स्वच्छ कपडे घालीत आणि सेट असलेल्या घरांकडे निघत. कारण रविवारी संध्याकाळी चित्रपट असे. त्याच वेळी पलीकडे दुसरी शिफ्ट भरात आलेली असे. मोठाल्या प्रेस धडधडू लागल्या की वसाहतीची वीज दबे आणि पडद्यावरचे चित्र चारी बाजूंनी आक्रसे, हात आखडून घेतलेल्या माणसासारखे. बाई पडद्याकडे पाहूनच सांगत, "तिकडं मोठी प्रेस सुरू झाली."

बाईंच्या खाकी कापडी पिशवीत चार वस्तू असत. पत्र्याच्या चौकटीचा आरसा. मलमलचे ओले फडके. शून्य नंबरचा मंद दिवा, जो डोळ्यांवर ताण येऊ नये म्हणून त्या सेटच्या मागे भिंतीशी लावीत. आणि विणकामाची प्लास्टिकची सुई, जिचे टोक त्यांनी घासून चपटे केले होते. सेटच्या पाठीमागचे बारीक स्क्रू त्या सुईने फिरवीत. लोखंडाचा पेचकस आत घातला की चित्र त्याला बिचकते, असे त्यांचे म्हणणे.

पहिल्या रविवारी त्यांनी आरसा माझ्या हाती दिला. मी तेव्हा एम.ए.ला होते.

"कुमुद ना तू? पडद्यासमोर बस. आरसा पोटाशी धर, माझ्याकडं तोंड करून. श्वास घेतलास तरी पिक्चर नाचंल, तवा बेतानं घे."

आणि त्या सेटच्या मागे गेल्या. आरशात पाहत, सुई फिरवीत, त्यांनी चित्र आधी सरळ केले. नायकाची लांबट झालेली हनुवटी पुन्हा त्याच्या तोंडाला शोभेल एवढी झाली. मग त्या पुढे आल्या आणि उजेडाचे बटण उलट फिरवू लागल्या. खोलीत वीस-बावीस माणसे बसली होती. पडदा विझत विझत पार काळा झाला.

"अहो बाई," नाना म्हणाले, "गाणं चालू आहे."

"गाणं कानानं ऐका की नाना. डोळे मला द्या जरा."

नाना एका इंजिनिअरिंग कंपनीच्या टाइम ऑफिसात होते. माणसे वेळेवर आत आली की बाहेर राहिली, एवढे दोनच प्रकार त्यांना रुचत. त्यांना चित्रही तसेच हवे असे.

"चेहरा तरी उजळ येऊ द्या. नायिका आहे ती."

"नायिका हाय, चुन्यानं सारवल्याली भिंत न्हाई."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या थांबल्या होत्या. दिवसाच्या दृश्यात कुठलाही सेट पास होतो, म्हणून त्या चित्रपटात रात्र होण्याची वाट पाहत उभ्या राहत. रात्र झाली. नायिका माजघरात पाठमोरी बसली. बाईंनी बटण केसभर फिरवले.

"कुमुद, आता आरसा राहू दे. तिचा अंबाडा बघ. काय दिसतं?"

"काळा आहे."

"काळा हाय त्ये मलाबी ठावं हाय. गाठ दिसतीया का नुसता डांबराचा गोळा?"

त्यांनी आणखी जरासे फिरवले, आणि त्या काळेपणात एक वळण उघडले. मग दुसरे. एका पेडावरून दुसरा पेड गेलेला दिसला. गजऱ्याची मानेवर पडलेली सावली दिसली, आणि सावलीपलीकडे भिंत, आणि भिंतीत कोनाडा. त्या क्षणापर्यंत काळा हा एकच रंग आहे अशी माझी समजूत होती. मी त्या काळात कविता करी, आणि त्यांत चांदण्याची इतकी रेलचेल असे की काळोखाला उभे राहायला जागाच नसे.

"आधी काळं बसवायचं," बाई म्हणाल्या. "काळं जागच्या जागी बसलं की पांढरं आपसूक येतं. लोक उलटं करत्यात. पांढरं ताणत्यात, आन रात म्हणून राखुंडी बघत बसत्यात."

एवढे बोलून त्या पिशवी उचलून निघाल्यासुद्धा.

बसणे त्यांना ठाऊकच नव्हते. एका घरचे चित्र बसले की त्या पुढच्या घरी जात, तिथून त्याच्या पुढच्या. तीन तासांच्या चित्रपटात सहा-सात घरे होत. सबंध चित्रपट त्यांनी कधी पाहिला नाही. प्रत्येक कथा त्यांना तुकड्यांनी मिळे, आणि मधले तुकडे त्या गुरुवारी मला विचारायला येत. "तुमच्याकडं तो तुरुंगात गेल्ता. पाठकांकडं पोचले तर घोड्यावर. मधी काय झालं?" मी सांगू लागले की त्या अंगणात येरझाऱ्या घालीत ऐकत. कधी कधी माझी कथा त्यांना पसंत पडत नसे. "माफ केलं? लगीच? न्हाई, तू नीट बघितलं नसशील," असे म्हणून त्या दुसऱ्या कुणाला विचारायला जात.

चहा घ्या म्हटले की त्या म्हणत, "नको, तिकडं पिक्चर बिघडंल." हे उत्तर त्यांनी सगळ्या घरांत ठेवलेले होते. बाईंच्या घरी बुद्धाची तसबीर होती, हे वसाहतीत सगळ्यांना माहीत होते. आणि कुठल्या घरात त्यांच्यासाठी कुठला कप बाहेर येईल, हे त्यांना माहीत असावे. ती वेळ त्या कुठल्याच घरावर येऊ देत नसत. हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. आमच्या घरी आईने त्यांना चहाचा आग्रह केला नाही, आणि त्यांनी आम्हाला त्या आग्रहाच्या परीक्षेत बसवले नाही, हे त्याहून उशिरा.

त्यांची जीभ मात्र कुणाची गय करीत नसे. शेजारच्या पाठककाकांनी एकदा पडद्यावर लावायचा प्लास्टिकचा कागद आणला. वर निळा, मधे नारिंगी, खाली हिरवा. हा लावला की साधा सेट रंगीत होतो, असे दुकानदाराने त्यांना सांगितले होते. त्या रविवारी चित्रपटात न्यायालय होते. न्यायाधीशांचे कपाळ निळे, छाती नारिंगी आणि पुढचे टेबल हिरवेगार.

बाई बराच वेळ पाहत राहिल्या. "काका, जज्जसायेबांच्या टेबलावर गवत चांगलं आलंय. म्हशी सोडायच्या का?"

"बाई, हे शास्त्र आहे," काका म्हणाले.

"आसंल की. पन त्यो आरोपी खाली वाकला का हिरवा व्हतो, उठला का पिवळा. त्याला फाशी न्हाई, दवाखाना पायजे."

काकांनी तो कागद आणखी दोन रविवार हट्टाने ठेवला. तिसऱ्या रविवारी मला तो त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीला लावलेला दिसला.

रंगांची त्यांना ओढ मात्र होती. रंगीत चित्रपटही आमच्या पडद्यावर राखाडी होऊन येत, आणि बाई त्या राखाडीतून साड्यांचे रंग सांगत. "ही मोरपंखी हाय. ही डाळिंबी. डाळिंबी राखाडीत जरा जड दिसती." कुणाला खोडून काढता येत नसे. एकदा पाठककाकू म्हणाल्या, "हा मी पुण्यात टॉकीजमध्ये पाहिलाय. ती साडी जांभळी होती." बाईंनी पडद्याकडे पुन्हा एकदा निरखून पाहिले आणि शांतपणे म्हटले, "मग टॉकीजवाल्यानं बिघडवली."

असे तीन-चार वर्षे चालले. आणि मग एका वर्षी, गणपती बुडाल्यानंतरच्या एका रविवारी, बाईंचे कौतुक झाले.

पाठकांकडे चित्र बसवून त्या निघाल्या, तर काका त्यांना पोचवायला दारापर्यंत आले. "वा बाई. आज एकदम लख्ख. इतके दिवस असं का नव्हतं करून दिलंत?" बाई आमच्याकडे आल्या. आमचा सेट त्यांनी लावला, रात्रीच्या दृश्याची वाट पाहिली, बटण फिरवले. फिरवतच राहिल्या. नाना खुर्चीत पुढे सरकले. "आता कसं. आज पटलं बुवा तुमचं काम."

खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पडद्यावर अमावास्या होती, आणि ती मळक्या पांढऱ्या चादरीसारखी दिसत होती. बाईंचा हात बटणावरच होता. त्यांनी मान न वळवता मला हळूच विचारले, "तुला बी पटलं?"

मी हो म्हणाले. एवढ्या लोकांत त्यांचे चुकले असे कसे म्हणायचे, असा विचार मी केला. तो मला तेव्हा आदर वाटला.

गुरुवारी त्या आल्या त्या कथेचा तुकडा विचारायला नव्हे. नाना-आई बाजारात गेले होते. संध्याकाळचे प्रक्षेपण नुकतेच सुरू झाले होते. कुणीतरी काळा कोट घालून शेतीवर बोलत होते. बाईंनी दार लोटून घेतले.

"कोट काळा दिसंस्तवर बटण फिरव. तुझ्या डोळ्यानं. मी बोलायची न्हाई."

मी फिरवले. कोट काळा झाला, त्याच्या कॉलरीची कड वेगळी दिसू लागली, तिथे थांबले. बाईंनी माझ्या टिकल्यांच्या पाकिटातली एक टिकली काढून, बटणावरच्या खुणेसमोर, पेटीवर लावली. मग त्यांनी बटण मुळापर्यंत उलटे नेले आणि स्वतः फिरवू लागल्या. माझ्या टिकलीपाशी त्या थांबल्या नाहीत. त्या जिथे थांबल्या तिथे त्यांनी दुसरी टिकली लावली. दोन्हींच्या मधे ज्वारीचे तीन दाणे मावले असते.

त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला आणि उजव्याने पडद्याकडे पाहिले. मग उजवा झाकला. असे दोन-तीनदा.

"उजव्याम्होरं साय धरलीया," त्या म्हणाल्या. "डाव्याला बी सुरुवात हाय. दिसायला कमी येतं म्हणून मी उजेड वाढवतीया. रविवारी तुला दिसलं व्हतं ना?"

"हो."

"मग बोलली का न्हाईस?"

 त्या स्वयंपाकघरापासून दारापर्यंत आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत चालू लागल्या. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून टेबलावरून किती सेट गेले असतील, हे त्या मोजू पाहत होत्या आणि दर वेळी मधेच सोडून देत होत्या. "सांगितलं तर टेबल जातंय. एवढं एक टेबलच हाय मला, कुमुद. बाकी लाइनवर समदी सारखीच." आणि पुन्हा दाराशी जाऊन: "न्हाई सांगितलं तर रोज पन्नास घरांत राखुंडी जातीया, माझी चिठ्ठी लावून."

जाताना त्यांनी दोन्ही टिकल्या नखाने काढल्या. "खंडेनवमीला कंपनीत ये. घरच्या माणसांना आत सोडत्यात. माझ्या घरचं म्हणून ये."

खंडेनवमीला आमचा सगळा पट्टा झेंडूने माखतो. त्या दिवशी लाइन बंद होती. यंत्रांना हार, सोल्डरिंगच्या सळयांना हळदकुंकू, आणि कामगारांची मुले-माणसे नव्या कपड्यांत यंत्रांमधून जपून चालत होती. उदबत्ती, ऑइल आणि पेढे यांचा एकत्र वास दाटून राहिला होता. पूजेपाशी न थांबता बाईंनी मला सरळ काळ्या पडद्यामागे नेले. खोक्यात जायला तयार असलेले सेट तिथे ओळीने लावले होते. त्यांनी एकेक सुरू केला. सुईच्या टोकासारख्या शिट्ट्या एकात एक मिसळल्या आणि दहा-दहा पट्ट्या उजळल्या.

"शेवटची पट्टी बघ. काळी हाय का?"

मी पाहिली. या वेळी मी कुणाचा आदर केला नाही. "राखेच्या रंगाची आहे."

"दुसऱ्यावर?"

"तशीच."

"तिसऱ्यावर?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी सेट बंद केले. पट्ट्या आत ओढल्यासारख्या एका ठिपक्यात गेल्या आणि विझल्या. तेवढ्यात बाहेर भोंग्यावर त्यांचे नाव पुकारले गेले.

लाइनचे सुपरवायझर लाकडी पेटीवर उभे होते. हातात शाल आणि नारळ. दुकानदारांकडून निरोप आले आहेत, ते सांगत होते, की हल्ली आपल्या सेटचे चित्र असे उजळ येते की गिऱ्हाईक दुसरीकडे पाहतसुद्धा नाही. याचे श्रेय एका बाईंच्या नजरेला आहे. टाळ्या वाजल्या. बाई गर्दीतून पुढे गेल्या, पण पेटीवर चढल्या नाहीत.

"सायेब, ह्यो मान माझा न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या मोतीबिंदूचा हाय."

लोक हसले. सुपरवायझरही हसले. मग हसणे विरले, कारण बाई तशाच उभ्या होत्या.

"मला दिसत न्हाई नीट. पावसाळ्यापासनं म्या पास केल्याले समदे सेट चुकल्यात. त्यांच्यात काळंच न्हाई. माघारी बोलवा, न्हाईतर म्होरचे तरी थांबवा."

सुपरवायझर खाली उतरले. आवाज बराच उतरवून, समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, तक्रार एकाची नाही. लोक खूश आहेत. तुम्ही टेबलावर बसा, आत्ता जसं करताय तसंच करत राहा. मी कुणाला काही सांगणार नाही."

"तसंच करा म्हंता, त्येच जमायचं न्हाई."

"अहो, लोकांना हेच आवडतंय."

"लोकांनी दुसरं बघितलंय कुठं?"

यावर सुपरवायझरांनी शाल पुढे केली. ती बाईंनी घेतली नाही, नारळही नाही. पिशवीतून चपट्या टोकाची सुई काढून त्यांनी सुपरवायझरांच्या हातात ठेवली आणि त्या मला घेऊन बाहेर पडल्या. फाटकापर्यंत त्या इतक्या भराभर चालल्या की मला पळावे लागले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना पॅकिंगला लावले. खोक्यांत पेंढा भरायचा, चिकटपट्टी मारायची. टेबलावर नवी मुलगी आली, आणि तिला चित्र कितपत उजळ ठेवायचे ते सांगण्यात आले होते. माघारी काही आले नाही आणि पुढचेही काही थांबले नाही. बाई ज्या खोक्यांना पट्टी लावीत होत्या त्यांच्या आत काय आहे, हे त्यांना ठाऊक होते.

वसाहतीतली बोलावणी त्यांनी बंद केली. "डोळा खोटं बोलतोय," एवढेच सांगत. पण रविवारी घरात बसणे त्यांना साधेना. चित्रपट सुरू झाला की त्या गल्ल्यांतून फिरू लागत. दिवेलागणीच्या वेळी प्रत्येक सेटच्या घरासमोर खिडकीतून सांडलेला निळसर उजेड रस्त्यावर हलत असे, आणि त्या उजेडाच्या तुकड्यांवरून त्या चालत. थांबत, पुढे जात, पुन्हा मागे येत. मी त्यांना आमच्या खिडकीतून पाही. उघड्या दारातून एखादा म्हणे, "बाई, या की आत." त्या हात हलवीत आणि चालू लागत. एकदा त्या आमच्या खिडकीखाली येऊन थांबल्या. "समोरच्या भिंतीवर तुमचा उजेड माझ्या सावलीसकट दिसतोय," त्या म्हणाल्या. "एवढा नसाया पायजे." मी बटण कमी करायला धावले. परतून खिडकीशी आले तो रस्ता रिकामा होता.

पुढे माझे लग्न झाले आणि मी पुण्यात गेले. बाईंच्या दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्याचे आईने सांगितले. जाड भिंगांचा चष्मा लागला होता, आणि त्यातून त्या मुंगीसुद्धा पाहतात असे वसाहतीत बोलले जाई. तरी चित्राला त्यांनी हात लावला नव्हता. पाठककाकांनी दोनदा विनवून पाहिले. "डाक्टरनं भिंग दिलंय," त्या म्हणाल्या, "नजर दिली का न्हाई, ते डाक्टरला बी ठावं न्हाई."

रंगीत सेट निघाले त्या वर्षी नानांनी एक घरी आणला. मी रविवारची माहेरी आले होते. आईला बाई बाजारात भेटल्या होत्या. कुमुद येणार आहे म्हटल्यावर त्या आल्या. भिंगांमागे त्यांचे डोळे काचेच्या भांड्यातल्या माशांसारखे मोठे आणि सतत हलते दिसत होते. केस पांढरे झाले होते. त्या सेटकडे पाठ करून बसल्या आणि आईशी तळवड्याच्या कुणाच्या तरी लग्नाविषयी बोलू लागल्या.

चित्रपट सुरू झाला. नानांनी रंगाचे बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवले होते. माणसे हळदीने माखल्यासारखी होती, ओठ चिरलेल्या बिटासारखे, झाडे अंगावर येणारी. नाना अभिमानाने माझ्याकडे पाहत होते. मी पाणी आणायला उठले तेव्हा बाई मागोमाग आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझ्याकडं बघत जाऊ नको सारखी. मी आता पिक्चरवर बोलत न्हाई. मला भरवसा न्हाई माझा."

 बाहेर येऊन सेटपाशी गेले आणि रंगाचे बटण उलटे फिरवले, सगळे चित्र राखाडी होईपर्यंत.

"अगं, रंगीत आणलाय तो यासाठी?" नाना म्हणाले.

"रंग मागून देते, नाना."

मग उजेडाचे बटण. चित्रपटात पाऊस पडून गेल्यानंतरचे घर होते. एक म्हातारा कंदील घेऊन खोल्यांमधून कुणाला तरी शोधत चालला होता. मी बटण फिरवीत होते. भिंती मागे सरल्या, कोपरे काळोखाने भरून आले. "अगं पुरे, काही दिसेना झालं," नाना म्हणाले. मलाही वाटले की इथेच. मी हात थांबवला.

माझ्या मागे बोलणे थांबले होते. आईचा अर्धवट राहिलेला प्रश्न तसाच हवेत होता. मी वळून पाहिले नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि चष्मा पुसताना पदराचा. मग दोन पावले. बाई माझ्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा श्वास मला जाणवत होता. म्हातारा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला. त्यांचा हात उचलला गेला आणि खाली आला. म्हाताऱ्याने जिन्यावर कंदील धरला.

"बसलं का, बाई?" मी पडद्याकडे पाहतच विचारले.

म्हातारा जिना चढू लागला. नाना उठण्याच्या बेतात होते. मग माझ्या कानाशी, अगदी हलक्या आवाजात, पण कारखान्यातल्या त्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या सुरात त्या म्हणाल्या,

"अजून."